तिरकी घडी

नाही, मी म्हणते, माणसानं खरं बोलावं तरी कशाला? घसा कोरडा करून सांगत होते, अहो मी सिनेमात आहे, तिकीट काढून बघतात तसल्या मोठ्या पडद्यावरच्या सिनेमात... पण एकानं माझ्यावर विश्वास ठेवला असेल तर शपथ! आमच्या वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, माझा नवरा गेल्यापासून दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतात आणि भाजीतल्या मिठाला नावं ठेवतात, त्या म्हणाल्या, "हो का गं? मग हिरोईनला घरी बसवलं असेल!" आणि माझी लेक, पोटची पोर, ती फोनमधून मान वर न काढता काय म्हणावी? "आई, मागच्या माणसांना कापून टाकतात गं. तुझं कोपर दिसलं तरी पुष्कळ झालं."

कोपर! तुम्हाला सांगते, नुसतं कोपर दिसलं असतं ना, तर आज मी तोंड वर करून फिरले असते!

त्याचं असं झालं, मी आहे लाँड्रीत. हॉस्पिटलच्या, हॉटेलच्या चादरी येतात आमच्याकडे, गाठोडीच्या गाठोडी. धुवायला मशीन, वाळवायला मशीन, पण मोठ्या चादरीची घडी घालायला अजून माणसंच लागतात, तीही दोन, कारण चादरीला टोकं चार आणि देवानं माणसाला हात दिलेत दोन, त्याला मी काय करू? समोर जोडीदार लागतोच. माझा जोडीदार आठ वर्षं एकच. तिरका. नाव मीच ठेवलं. कारण त्या माणसाबरोबर घडी कधी सरळ होईल तर ना! चादर ताणायची, झटकायची, दुमडायची, मग दोघांनी चालत एकमेकांजवळ यायचं, टोकाला टोक लावायचं... आणि बघावं तर एक टोक वीतभर खाली लोंबतंय! "तिरकी! पुन्हा तिरकी! डोळे घरी ठेवून आलात का?" असं मी ओरडले की तो बापडा "चुकलं बाई" म्हणणार, मागे सरणार, चादर उलगडणार, पुन्हा झटकणार आणि पुन्हा चालत येणार. एकेक चादर दोन-दोनदा! घरी येऊन मी त्याच्या नावानं बोटं मोडायची, ती इतकी की माझ्या लेकीला शाळेतल्या कविता विसरायला झाल्या, पण तिरक्याच्या चुका पाठ.

तर तिथं आले सिनेमावाले. वायरी काय, दिवे काय, छत्र्या काय, आणि एक दाढीवाला डिरेक्टर, तो सगळ्यांना मावशी म्हणायचा, स्वतःहून मोठ्या बाप्यालासुद्धा. गोष्ट काय, तर हिरोईन लाँड्रीची मालकीण, हिरो तिच्या हाताखाली मळके कपडे निवडणारा, आणि दोघांचं प्रेम कुठं, तर ड्रायरसमोर! कारण ड्रायर चालू असला की आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून मनातलं बोलायला ही दोघं तिथं उभी! मी म्हटलं, अहो आमच्या ड्रायरसमोर उभं राहिलं तर माणूस भाजून निघतं, प्रेम कसलं करतंय! डिरेक्टर म्हणाला, "मावशी, तुम्ही दोघं मागं उभे राहा, कॅमेऱ्याकडे बघू नका, रोजचं काम रोजच्यासारखं करा." केलं. रोजचं काम रोजच्यासारखं. पुन्हा घेतला सीन, पुन्हा केलं. तो त्यांच्या छोट्या टीव्हीत बघतोय आणि खुदखुदतोय. "मावशी, कमाल आहात तुम्ही!" मला वाटलं, घडीचं कौतुक करतोय मेला.

आता मधेच सांगते, नाहीतर राहून जाईल. त्याच दिवसांत माझ्या लेकीनं घरात बॉम्ब टाकलेला. ती औषधांच्या मोठ्या दुकानात काउंटर सांभाळते, आणि तिच्या हाताखाली पार्सल बांधणारा एक आहे, तिच्याहून लहान, लहान म्हणजे वयानंही आणि हुद्द्यानंही, त्याच्याशी म्हणे लग्न करायचंय! मी काय ऐकते? "तुला तिथं गोळ्या विकायला ठेवलंय की नवरा शोधायला?" तिनं सांगितलं, "आई, तू नाही म्हणालीस तर तो दुसऱ्या शहरातल्या दुकानात बदली मागणार आहे. रोज समोर उभं राहून काही नसल्यासारखं वागणं त्याला जमायचं नाही." म्हटलं, "जाऊ दे! बरंच झालं! अगं कामाच्या जागी माणसं काम करतात! माझ्याकडे बघ. आठ वर्षं एका पुरुषासमोर चादर धरून उभी आहे, मला कधी काही झालं? झालं काही?" पोरीनं डोळे पुसले. वन्सं म्हणाल्या, "हे मात्र खरं हो, हिच्यासारखी सरळ बाई शोधून सापडायची नाही." बघा. सिनेमावर विश्वास नाही, पण यावर लगेच!

सिनेमा लागला. मीच, या हातांनी, दोघींना ओढत नेलं. म्हटलं, या डोळ्यांनी बघा आणि मग बोला. लेक तोंड पाडून आली, कारण त्याच आठवड्यात तो पार्सलवाला बदलीचा अर्ज देणार होता. लाँड्रीची सगळी पलटण हजर, पुढच्याच रांगेत तिरका, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पॉपकॉर्न.

आणि आला की हो तो सीन! ड्रायर घरघरतोय, हिरोईन रडतेय, "मी तुझी मालकीण आहे, मला हे बोलता येत नाही..." आणि तिच्या खांद्यामागं कोण? मी! स्वच्छ, धुतल्यासारखी, कोपर-बिपर नाही, अख्खी! लेक ओरडली, "आई! अगं खरंच तू!" वन्संनी चष्मा पुसला. माझी छाती अशी फुगली! पडद्यावर मी नि तिरका चादर ताणतोय, झटकतोय, चालत जवळ येतोय, त्याचं टोक बरोबर, कोपऱ्याला कोपरा, बोटभरसुद्धा इकडे-तिकडे नाही... आणि माझा अंगठा उघडला.

अहो, अंगठा! दरवाज्याएवढा अंगठा! टोक सोडलं आणि लगेच तोंड उघडलं, "तिरकी! पुन्हा तिरकी!" तो बिचारा मागे गेला, चादर उलगडली, पुन्हा चालत आला. पुन्हा माझा अंगठा! आणि तो खाली वाकून टोक उचलतोय ना, तेव्हा वरून मी त्याच्या टकलाकडे बघून हसतेय. हसतेय! माझ्या घरात मला हसताना कुणी पाहिलंय? पुढं हिरोईन जीव तोडून रडतेय आणि थिएटर हसतंय, लाँड्रीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी ओरडलं, "मावशी, धरा की नीट!" मला वाटलं, खुर्चीची घडी व्हावी आणि मी आत मिटून जावं. एक माणूस तेवढा हसला नाही. तिरका. त्याच्या मानेच्या मागची बाजू लाल झालेली मला अंधारात दिसत होती.

लेक हळूच म्हणाली, "आई, टोक तू सोडलंस."

"हाताला घाम आला होता."

"दोन्ही वेळेला?"

"दिवे किती होते, माहितीय का तुला!"

"आणि हसलीस, तीपण दिव्यांमुळं?"

खरं सांगत होते हो, तसलं काही नाही, नुसत्या चादरी आहेत चादरी... पण माझ्यावर विश्वास ठेवेल तर शपथ! आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझाच माझ्यावर बसेना. आठ वर्षं मी त्या माणसाला तिरका म्हणाले. गावभर म्हणाले. आणि मला, आईशप्पथ सांगते, ठाऊकच नव्हतं माझा अंगठा काय करतोय ते!

बाहेर पायऱ्यांवर तो उभा, पॉपकॉर्न तसंच भरलेलं. गेले सरळ.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय, बाई?"

"वेड पांघरू नका. टोक कोण सोडतं ते."

तो चपलेकडे बघत म्हणाला, "पहिल्या आठवड्यापासून."

"आणि इतकी वर्षं शिव्या खाल्ल्यात? मुकादमासमोर, सगळ्यांसमोर? तोंड नव्हतं?"

"बोललो असतो," तो म्हणाला, "तर घडी एकदाच झाली असती की, बाई."

मी, जिला उभ्या जन्मात शब्द कमी पडला नाही, ती मी, त्याच्या हातातलं पॉपकॉर्न घेऊन खाऊ लागले. वन्सं मागून "अगंबाई!" म्हणाल्या आणि पुन्हा चष्मा पुसायला लागल्या.

घरी येताना लेक माझ्याकडे न बघता चालत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "झालं काही?" असं मी तिला विचारलं होतं ना, ते माझंच वाक्य माझ्या पायात पायात येत होतं. शेवटी कोपऱ्यावर मीच थांबले. म्हटलं, "त्या तुझ्या पार्सलवाल्याला सांग, अर्ज फाडून टाक म्हणावं. रविवारी जेवायला आण."

पोरीनं रस्त्यातच मिठी मारली. आणि कानात म्हणते कशी, "आणि तुझा कधी येणार?"

"माझा कोण? माझा कुणी नाही!"

वन्सं म्हणाल्या, "दोघांनाही एकदमच बोलवा बाई, सारखं सारखं कोण नटणार?"

तर आता असं आहे. रविवार उद्यावर आलाय, भाजी निवडतेय आणि लाजेनं मान वर होत नाहीये. दोष द्यायचा कुणाला? डिरेक्टरला? त्यानं दिसलं ते दाखवलं. अंगठ्याला? त्याला काय अक्कल! पण एका माणसानं, एकदाच, पहिल्याच आठवड्यात, तोंड उघडून म्हटलं असतं, "बाई, टोक नीट धरा", तर मी धरलं असतं की हो! लेकीसमोर, नणंदेसमोर, शिट्ट्यांमध्ये ही वेळ आली असती का? घडी बिघडवली मी, पण हे सगळं ज्यानं मुकाट्यानं बिघडू दिलं, आणि जो उद्या इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याच घरी जेवायला येतोय, सगळा दोष त्याचा... त्या तिरक्याचा!