गुपित राखणारा

गारगोटीच्या एसटीत विजयमालाबाईंच्या मागं दूध संस्थेचा सेक्रेटरी आणि त्याची कॉलेजातली लेक बसली होती.

"आबा, सेक्रेटरी म्हंजे मुळात राजाची गुपितं राखणारा. आज सरांनी सांगितलं."

"मग आमी दुसरं काय करतोय, पोरी?"

"चेअरमनच्या दुधात युरिया असतोय, हे तपासणीच्या सायबाला सांगा की!"

"हळू बोल. चेअरमनचं दूध न तपासताच टाकीत ओतायचं, ही पद्धतच हाय आमच्यात."

"तेच दूध पिऊन अंगणवाडीतली पोरं आजारी पडल्यात, आबा."

"व्हय. म्हणूनच काल चेअरमन घरी आलता. तू कुठल्या एसटीनं येतीस, तेवढंच इचारून गेला."

"...म्हणून आज न्यायला आलासा?"

सेक्रेटरी पुढं वाकला.

"ताई, तुमी काय ऐकलं न्हाई न्हवं?"

"न्हाई, भाऊ," विजयमालाबाई मागं न बघताच म्हणाल्या.