रोलरच्या पत्र्यावर दगड

दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पलीकडच्या काकांना विचारलं,

"काका, हे मनगटावर घड्याळ कसलं?"

"घड्याळ नाही, कामावरचा पट्टा. काढायचा राहिला. आम्ही हायवेवर काम करतो ना, एखादी गाडी अडथळे तोडून आत घुसली की हा थरथरतो. मग पळत सुटायचं."

"बरंय की!"

"कसलं बरं? मी रोलर चालवतो. तिथे सगळं अंगच थरथरतं, पट्टा काय कळणार!"

"अगंबाई! मग?"

"एक जण माझ्या पत्र्यावर दगड हाणतो. मग मी उडी टाकतो."

"स्वतः पळायचं सोडून?"

"रोज झापतो त्याला. आधी पळ म्हणतो. ऐकेल तर शपथ!"

"कोण हो एवढा हट्टी?"

"जावई माझा."

"मग मुलीला सांगा की समजावायला."

"तिनेच तर पढवलंय त्याला."