४१२ आणि ४२७

टनिक्लिफ : आणि हे पुढचं मडगार्डसुद्धा या गाडीचं नाही, मिस्टर हॅलिवेल.

क्लिफर्ड : अहो, पन्नास वर्षं ते याच गाडीवर आहे!

टनिक्लिफ : असेल. पण ते साडेतीनशे सीसीच्या केस्ट्रेल मोटरसायकलचं आहे. पाचशेच्या केस्ट्रेलला ते दोन बोल्टांवर बसतं. इथं एकच बोल्ट आहे आणि… ही तार आहे का?

ॲव्हरिल : कुंपणाची. मेंढ्यांसाठी आणली होती. चहा घ्या, मिस्टर टनिक्लिफ. पार्किन केकही आहे.

क्लिफर्ड : ठेव आणि जा, ॲव्हरिल. महत्त्वाचं काम चाललंय.

ॲव्हरिल : का जाऊ? शेड दोघा बहीणभावांची आहे. आणि जुन्या मोटरसायकलींच्या क्लबाचा तपासनीस रोज रोज थोडाच दारात येतो? काय काय पकडलंत याचं?

टनिक्लिफ : मी पकडत नाही हो, नोंदवतो. स्पीडोमीटर नंतरच्या सालातला. टाकीचं झाकण दुसऱ्याच गाडीचं. मागचा दिवा…

ॲव्हरिल : ट्रॅक्टरचा.

टनिक्लिफ : मी 'शेतीच्या वाहनाचा' असं लिहिलंय.

क्लिफर्ड : किरकोळ आहे हो सगळं! मला कवळी आहे, चष्मा आहे, गुडघा नवा बसवलाय. म्हणून मी क्लिफर्ड हॅलिवेल राहिलो नाही का? इंजिन बघा, इंजिन! एक स्क्रू इकडचा तिकडे नाही. या हातांनी जोडलंय. ऑगस्टच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत अस्सल इंजिनांच्याच गाड्या असणार, असं तुमच्याच पत्रात आहे. पंचाहत्तराव्या वर्षी मी काय मागच्या रांगेत धूर खात जायचं?

टनिक्लिफ : खाली वाकून बघतो. टॉर्च आहे माझ्याकडे. आरसाही आहे, दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा.

क्लिफर्ड : बघा, बघा. खुशाल बघा.

ॲव्हरिल : …क्लिफ, फार वेळ बघताहेत हे. डॉक्टर इतका वेळ बघत बसले की दाढ काढायची असते.

टनिक्लिफ : मिस्टर हॅलिवेल, इंजिन तेल गाळतं का?

क्लिफर्ड : थोडंसं. या वयात कोण गाळत नाही?

टनिक्लिफ : हादरे?

ॲव्हरिल : गेल्या उन्हाळ्यात व्हिटबीला जाऊन आला, तर संध्याकाळपर्यंत याच्या हातातला कप बशीवर वाजत होता.

क्लिफर्ड : तो तिचा स्वभाव आहे! जातिवंत गाडी आहे ती!

टनिक्लिफ : नाही, कारण वेगळं आहे. इंजिनचं हे खालचं खोकं वाटाण्याच्या शेंगेसारखं दोन दलांचं असतं. कारखान्यात दोन्ही दलं एकत्र आवळून त्यांतून एकदमच आरपार भोक पाडायचे, म्हणजे आतला दांडा सरळ रेषेत फिरतो. मग दोन्ही दलांच्या पोटाखाली एकच आकडा ठोकायचे. ती जोडी जन्माची. इथं डाव्या दलावर ४१२ आहे. उजव्यावर ४२७.

क्लिफर्ड : तुमचा आरसा उलटं दाखवतो.

टनिक्लिफ : उलटं दाखवलं तरी बाराचे सत्तावीस होत नाहीत.

क्लिफर्ड : मग कारखान्यातच कुणीतरी…

टनिक्लिफ : थांबा, क्लबाची वही आहे माझ्याकडे. चारशे बारा, सी. हॅलिवेल. म्हणजे तुम्ही. चारशे सत्तावीस… ए. हॅलिवेल. हे तुमचे वडील का?

ॲव्हरिल : ही मी.

टनिक्लिफ : तुम्ही?

ॲव्हरिल : का? मी फक्त चहाच करते असं वाटलं? दोन हंगाम शर्यतीत पळवलीय. ती काय, कोपऱ्यात चादरीखाली उभी आहे.

क्लिफर्ड : ॲव्हरिल, राहू दे ना. तिच्यावर लॉनमोवर आहे, रंगाचे डबे आहेत…

ॲव्हरिल : मग उचल ते डबे.

(डबे खाली ठेवले जातात. चादर निघते. टनिक्लिफ दुसऱ्या गाडीखाली वाकतो.)

टनिक्लिफ : डावं ४२७. उजवं ४१२.

ॲव्हरिल : म्हणजे माझं अर्धं इंजिन याच्या गाडीत आणि याचं अर्धं माझ्या?

टनिक्लिफ : बरोब्बर अर्धं. ही इंजिनं कधी एकाच वेळी उघडली होती का?

ॲव्हरिल : एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात. शेडमध्ये हात गोठायचे, म्हणून दोन्ही आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुटी केली होती. एक दिवस पाद्रीबाबा चहाला यायचे होते. आईने सगळं उचललं आणि कपडे धुवायच्या टबात भरलं.

क्लिफर्ड : हां! बघा! आईने केलं हे!

ॲव्हरिल : आईने भरलं. जोडलं कुणी? मी म्हटलं होतं, माझं मी जोडते. तेव्हा तू काय म्हणालास?

क्लिफर्ड : आठवतंय.

ॲव्हरिल : मिस्टर टनिक्लिफना सांग.

क्लिफर्ड : म्हणालो, हे काही विणकाम नाही.

टनिक्लिफ : हं. आणि हे चारशे सत्तावीस बंद कधी पडलं?

ॲव्हरिल : पुढच्याच उन्हाळ्यात, स्कारबरोच्या शर्यतीत. तिसरी फेरी. मी दुसरी होते, हा सहावा. चढ संपला, मी गाडी पूर्ण वेगात सोडली आणि खालून धाडकन आवाज आला. आतला दांडा मोडला. गाडी एकीकडे, मी गवतात. हाडं शाबूत होती. पण त्यानंतर हा क्लबभर सांगत सुटला, ॲव्हरिलने इंजिन पिळलं, तिला इंजिनाचं बोलणं कळत नाही.

टनिक्लिफ : आणि तुम्ही?

ॲव्हरिल : मला खरं वाटलं. मोठा भाऊ, सगळं कळणारा. वाटलं, माझाच हात जड. परत नाही बसले.

टनिक्लिफ : मिस हॅलिवेल, ते पिळल्यामुळे मोडलं नाही. भोकं एका रेषेत नसली की दांडा प्रत्येक फेऱ्याला जरासा वाकतो. आज ना उद्या मोडणारच. जितकं जोरात जाल, तितकं लवकर.

ॲव्हरिल : मग याचं कसं नाही मोडलं? चूक तर दोन्हींत तीच आहे.

टनिक्लिफ : त्याचं उत्तर मी अहवालात देणार नाही.

ॲव्हरिल : तोंडी द्या.

टनिक्लिफ : मिस्टर हॅलिवेल बहुधा… सावकाश जात असावेत.

ॲव्हरिल : काय, काय? मोठ्याने सांगा हो, याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं!

टनिक्लिफ : बरेच सावकाश.

ॲव्हरिल : अरे देवा! पन्नास वर्षं, क्लिफ! पन्नास वर्षं मिरवतोयस, माझं इंजिन टिकलं, माझं इंजिन टिकलं! थांबा, मला बसू द्या. पोट दुखायला लागलं. क्लिफ? अरे, मी हसतेय. तूही हस की.

क्लिफर्ड : स्कारबरोहून परतताना व्हॅनमध्ये तू एक शब्द बोलली नव्हतीस.

ॲव्हरिल : काय बोलणार होते?

क्लिफर्ड : मीच बोलत होतो. यॉर्क येईपर्यंत तुला समजावत होतो, थ्रॉटलची मूठ कशी धरायची. सहावा आलेला मी. दुसरी असलेल्या तुला.

ॲव्हरिल : थेट लीड्सपर्यंत. मध्ये यॉर्कला तू फक्त पाणी प्यायला थांबलास.

क्लिफर्ड : मिस्टर टनिक्लिफ, तुमच्या त्या कागदावर कारण लिहायला जागा आहे?

टनिक्लिफ : 'शेरा' आहे. दोन ओळी.

क्लिफर्ड : लिहा. दोन्ही इंजिनं क्लिफर्ड हॅलिवेलने जोडली, आणि चुकीची जोडली. चारशे सत्तावीस चालवणारीची काहीही चूक नव्हती. मावलं?

टनिक्लिफ : दुसरी ओळ जरा चौकटीबाहेर गेली.

क्लिफर्ड : जाऊ द्या. आणि ती दुसरी होती, तेही लिहा.

टनिक्लिफ : तिसऱ्या फेरीत. समासात लिहितो.

ॲव्हरिल : समासात चालेल मला.

टनिक्लिफ : एक सांगू? हा अहवाल मी आज पाठवलाच पाहिजे असं नाही. दलं आपापल्या जागी परत गेली, तर दोन्ही इंजिनं अस्सल ठरतात. पहिल्या रांगेत जागा दोन आहेत. मोडलेल्या दांड्याचं म्हणाल, तर तसाच एक शाबूत माझ्याकडे आहे. पाचशेचाच. मी स्वतः मापलाय.

ॲव्हरिल : मी? रांगेत? त्र्याहत्तर वर्षांची आहे मी.

क्लिफर्ड : गुडघे तुझे आहेत ना? दोन्ही?

ॲव्हरिल : कारखान्यातून आले तसेच.

क्लिफर्ड : मग प्रश्न काय? ऑगस्टला तीन महिने आहेत. मी उद्याच खोलायला घेतो आणि—

ॲव्हरिल : काय घेतोस?

क्लिफर्ड : …काही नाही. तू जोड. दोन्ही.

ॲव्हरिल : दोन्ही. तो बारा नंबरचा पाना दे इकडे. उद्या कशाला?

क्लिफर्ड : आणि मी काय करू?

ॲव्हरिल : टॉर्च धर. थोडी खाली. …हं. तिथंच.