दर रविवारी एक देवदार

जबाब देणार: गल्लीत शिलाईवाल्या वहिनी म्हणून ओळख. वय ५७. धंदा: घरगुती शिवणकाम. राहणार: चढावरचं जोडघर, खालचा भाग.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी आणि माझी मुलगी राहतो. मुलगी फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करते. माझे पती हयात नाहीत. मधल्या भिंतीपलीकडे, घराच्या चढाकडच्या वरच्या भागात माझे धाकटे दीर आणि जाऊ राहतात. दीरांची तक्रार अशी आहे की मी त्यांची झाडं चोरली, त्यांच्या जिवावर उठले आणि त्यांच्या बायकोला फूस लावून घरात ठेवून घेतलं. मला तक्रार वाचून दाखवली आहे.

सासऱ्यांच्या पश्चात घराची वाटणी झाली. खालच्या दोन खोल्याही आपल्यालाच मिळाव्यात असं दीरांचं म्हणणं होतं. पतींनी नकार दिला. त्यानंतर दीरांनी आमच्या खिडक्यांसमोर, भिंतीला लागून, देवदाराची सात रोपं लावली. मी विचारलं, "भाऊजी, नेमकी इथेच का?" ते म्हणाले, "सावली होईल, वहिनी. उन्हात राहून डोकी तापतात तुमची." रोपं गुडघ्याएवढी होती. मी हसले होते.

वीस वर्षांत झाडं छपराच्या वर गेली. शिवणाच्या खोलीत मला भर दुपारी दिवा लावावा लागे. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना, म्हणून काळं काम घेणं मी बंद केलं. भिंतीला ओल आली. मुळांनी भिंतीला पोट आलं.

पती शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचा पलंग खिडकीशी होता. खिडकीतून फांद्या दिसत, दुसरं काही नाही. रस्त्यावरून कोणाचा आवाज आला की ते विचारत, "कोण गेलं गं?" मलाही दिसलेलं नसे. मी कोणाचं तरी नाव सांगत असे.

एकदा पतींनी दीरांना बोलावून घेतलं. "छोट्या, खालच्या चार फांद्या तरी उतरव. रस्ता दिसेल," असं म्हणाले. दीर म्हणाले, "रस्ता बघून तुला कुठे जायचंय?" मी तेव्हा त्याच खोलीत चादर बदलत होते.

पती गेले त्या दिवशी दीर घरात आले नाहीत. आलेले लोक बाहेर झाडांखाली उभे होते. ऊन कडक होतं. दीर त्यांना म्हणाले, "बघा, झाडं कामाला आली की नाही?" हे मी दारातून ऐकलं. त्या दिवशी मी ठरवलं. काय ठरवलं असं मला विचारण्यात आलं. झाडं पाडायची, आणि ती दीरांच्या डोळ्यांदेखत पाडायची, असं ठरवलं.

पुढे गटाराच्या कामासाठी हद्दीची मोजणी झाली. सातही झाडं माझ्या बाजूला निघाली. दीर म्हणाले, "फीत चुकीची धरली आहे." मोजणीवाल्यांनी परत धरली. झाडं आणखी वीतभर माझ्याकडे आली. तेव्हा सगळी गल्ली जमलेली होती. भिंतीची अवस्था बघून पालिकेने मला झाडं तोडायची परवानगी दिली. तिची प्रत हजर करते. त्यामुळे चोरीचा आरोप मला मान्य नाही.

झाडं तोडायला मी चौकातल्या करवतवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, सगळी एका दमात पाडू. दोन दिवसांत अंगण मोकळं." मी म्हटलं, "नाही. दर रविवारी एक." त्याने कारण विचारलं. मी सांगितलं, "रविवारी आमचे भाऊजी घरी असतात." त्याने येत्या रविवारची वेळ दिली.

पहिलं झाड पडलं तेव्हा शिवणाच्या खोलीत थोडा उजेड आला. दीर वरच्या गॅलरीत उभे होते. मी हातातलं काम घेऊन अंगणात खुर्ची टाकली आणि ते आत जाईपर्यंत तिथेच बसले.

ओंडके वखारीत नेऊन जाड फळ्या पाडून घेतल्या. ओलं लाकूड कपाटाला चालत नाही, तडकतं. बाकड्याला चालतं, असं मुलगी म्हणाली. मी म्हटलं, "मग बाकडीच कर." पहिलं बाकडं न्हाव्याच्या दुकानाबाहेर दिलं. मग दवाखान्यात, पोस्टाच्या ओट्यावर, बसथांब्यावर. जाड फांद्यांच्या खुंट्या केल्या आणि ज्याने मागितल्या त्याला दिल्या. देवदाराच्या वासाने लोकरीला कसर लागत नाही, म्हणून भुशाच्या लहान पुरचुंड्या शिवल्या आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांत घातल्या. जाऊने दीरांचा कोट अस्तर बदलायला आणला होता. त्याच्या आतल्या खिशातही एक पुरचुंडी घातली आणि खिसा शिवून टाकला.

लाकूड कुठलं, असं कोणी विचारलं तर मी सांगत असे. न विचारता पण सांगत असे. दीरांचा उजवा गुडघा दुखतो. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. हे मला माहीत होतं. दवाखान्यात ते भिंतीला टेकून उभे राहत आणि लोक म्हणत, "बसा की साहेब, घरचंच आहे." इथल्या पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातलं बाकडंही त्याच लाकडाचं आहे. तक्रार लिहून होईपर्यंत दीर उभेच होते, असं हवालदारांकडून समजलं.

आता गेल्या रविवारचं सांगते. सातवं, म्हणजे शेवटचं झाड राहिलं होतं. करवतवाला सकाळी आला. त्याने दोर बांधला आणि यंत्र सुरू केलं. तेवढ्यात दीर जिना उतरून आले आणि खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे राहिले. करवतवाल्याने यंत्र बंद केलं.

दीर म्हणाले, "हे मी मुलासारखं वाढवलंय. आता मला कापा."

मी करवतवाल्याला म्हणाले, "चालू दे." मी असं म्हणाले हे खरं आहे. तो म्हणाला, "बाई, शुद्धीवर आहात का?" मी परत म्हणाले, "चालू दे. सोडतील." नसतं सोडलं तर काय, असं मला विचारण्यात आलं. तेव्हा त्याचा विचार माझ्या मनात नव्हता. करवतवाल्याने यंत्र खाली ठेवलं आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला.

यानंतर जाऊ बाहेर आली. तिच्या हातांना पीठ होतं. ती मोठ्याने बोलत नाही. इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून मी दीरांचा आवाज रोज ऐकला आहे, तिचा क्वचित. ती दीरांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सोडा ते झाड. भावाला कधी एवढं धरलं नाहीत."

दीर म्हणाले, "घरात हो."

ती म्हणाली, "या झाडाने माझ्याही चुलीवर उजेड नाही हो. तुम्ही कधी आत येऊन बघितलंत का?"

दीरांनी झाड सोडलं आणि तिचा दंड धरला. करवतवाला मधे पडला. दीरांच्या हाताला खरचटलं आहे ते सालीने, कोणी मारल्याने नाही. जाऊने दंड सोडवून घेतला. जिने तुळशीएवढीही जागा कधी मागितली नाही अशी ती बाई चालत माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, आत येऊ?" मी बाजूला झाले. मी तिला बोलावलं नव्हतं. करवतवाल्याकडे बघून मी होकाराची मान डोलावली. झाड अंगणात आडवं पडलं. दीर जिन्यात बसले होते.

जाऊ त्या दिवसापासून माझ्याकडे आहे. पतींच्या खोलीत झोपते. दाराला कडी नसते. तिला जायचं असेल तर ती जाऊ शकते, आणि दीरांना यायचं असेल तर त्यांनी यावं, पण ते येत नाहीत. ती सकाळी उठून खिडकीत बसते. मी तिला काही विचारलेलं नाही. परवा तिने माझ्याकडे काळं कापड मागितलं, एक पिशवी शिवली आणि काळा दोरा सुईत ओवताना चष्मा काढून ठेवला.

समझोता करायची तयारी आहे का, असं मला विचारण्यात आलं. नाही. सातव्या झाडाचं काय करायचं ते जाऊने ठरवायचं आहे. ती म्हणाली की तिला झोपायला स्वतःचा पलंग हवा. मुलीने माप घेतलं आहे. लाकूड सुकायला वेळ लागेल, तोवर ती थांबणार आहे.

ती माझ्याकडे आली याचा मला आनंद झाला. तो तिच्यासाठी झाला की दीर एकटे पडले म्हणून झाला, हे मला सांगता येणार नाही.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "पतीच्या दुःखाच्या भरात झाडे तोडली" असं एक वाक्य होतं. मी तसं सांगितलेलं नाही. ते माझ्यासमोर खोडून "रागाने, पूर्ण विचार करून" असं लिहून घेतलं आहे. आता मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करते.