शेवटच्या टाकीतला मासा

वासंती : अहो, अजून एक मासा उलटा झाला!

काशीनाथ : हळू बोल गं! पॅकिंगच्या बायका ऐकतील. काढ तो, पिशवीत टाक. राहिले किती?

वासंती : एकच. काल माझा भाऊ वरसाव्याच्या तळ्यातून घेऊन आला, तेव्हा बादलीबाहेर उड्या मारत होते मेले.

काशीनाथ : वाट लागली आपली! काम देणारे नीरजसाहेब निघालेत, मिस्ड कॉल येऊन गेला. सोबत तो परदेशी पार्टीचा माणूस आहे. बक्कलांना मुलामा चढवून उरलेलं प्लेटिंगचं पाणी साफ करून सोडत असाल तर त्यात मासे जगवून दाखवा, तरच बक्कलांचं काम तुमच्याकडे. तोंडावर सांगितलंय त्यांनी. काम गेलं की गाळ्याला कुलूप.

वासंती : पण साफ करतोयच की आपण! चुना घालतोय, गाळ बसवतोय, वाळू-कोळशातून गाळतोय. मग मरतायत कशाने? अहो, इकडे बघा.

काशीनाथ : हे आपलं पाणी नाहीये.

वासंती : म्हणजे?

काशीनाथ : गाळणी आणि या शेवटच्या टाकीच्या मधला वॉल्व्ह बंद केला मी. टाकी धुतली आणि काल नळाचं पाणी भरलं. म्हटलं, आपल्या पाण्यात मेले तर? उगाच रिस्क नको.

वासंती : नळाचं? अहो, काल नळाला ब्लीचिंगचा केवढा वास मारत होता! मी चहा ओतून दिला. आपली पिंकीसुद्धा काचेच्या भांड्यातल्या माशांना पाणी शिळं करून घालते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

काशीनाथ : आईशप्पथ! मीच मारले गं.

वासंती : आपलं पाणी आणा. बादलीत.

काशीनाथ : आणि हाही गेला तर? साहेबांच्या डोळ्यांदेखत?

वासंती : तेच पाणी नाल्यातून खाडीत जातंय. दशरथ कोळी तिथंच जाळं टाकतो, आणि त्याची मासळी तुम्ही आडवा हात मारून खाता. एका माशाला पुरत नसेल तुमचा भरवसा, तर एवढे दिवस तिकडे काय सोडत होतो आपण?

काशीनाथ : भीती वाटते गं मला. खरंच वाटते.

वासंती : मला काय कमी वाटते? बादली आणा म्हटलं ना!

(काशीनाथने गाळलेलं पाणी आणलं. वासंतीने ओंजळीने मासा उचलून त्यात सोडला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.)

काशीनाथ : पोहतोय?

वासंती : तळाशी बसलाय.

काशीनाथ : गेला?

वासंती : शुभ बोला हो! कल्ले हलतायत... हलतायत वाटतं.

नीरज : काय काशीनाथभाऊ! कुठंयत मासे? गाडीतल्या गेस्टना पुढे वसईला जायचंय, जरा फास्ट दाखवा.

काशीनाथ : या साहेब. एकच आहे.

नीरज : एकच? फोनवर तर पाच बोलला होतात तुम्ही!

काशीनाथ : बाकीचे माझ्यामुळे गेले. नळाच्या पाण्यात ठेवले होते मी, तुम्हाला दाखवायला. हा आत्ता आपल्या पाण्यात सोडलाय.

नीरज : अरे यार! आता गेस्टना काय सांगू मी? जगेल ना हा तरी?

वासंती : अहो, स्टूल द्या साहेबांना.

काशीनाथ : बसा साहेब. आम्हीपण तेच बघतोय.