सहभागी क्रमांक एकोणीस

पाठ! अहो, पाठ काढली पोरीनं बापाची! बालवाडीतल्या बाईंनी सांगितलं होतं, 'आपल्या घरातली माणसं काढा.' कुणी आईबाबा हात धरून उभे केले, कुणी तर वरच्या सूर्यालाही डोळे-नाक-तोंड दिलं. आणि आमच्या भिंगरीनं... चार वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी... तिनं काय काढलं? एक मी. माझं तोंड हे एवढं मोठं, उघडं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, पोरं बघतात तेच काढतात. एक ती स्वतः. आणि बाजूला एक काळा चौकोन, त्याच्यावर केसांचे चार फराटे. बाईंनी मला बोलावून घेतलं, पोरांच्या त्या बुटक्या खुर्चीत बसवलं, माझे गुडघे हनुवटीला, आणि हळूच विचारतात, 'हे कपाट आहे का हो?' भिंगरी म्हणाली, 'नाही, बाबा!' 'मग बाबांचं तोंड कुठंय?' 'तिकडे. भिंतीकडे.' इतकं सहज! जसं काही सगळ्यांच्याच बाबांचं तोंड भिंतीकडे असतं! मला तर त्या खुर्चीतून उठताही येईना आणि बसवेनाही.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याला काही झालंय का? झालंय ना. डॉक्टर व्हायचंय. सुई टोचणारा, तसा नव्हे. आमचे हे गोदामात मॅनेजर आहेत. पुठ्ठ्याची खोकी येतात, पुठ्ठ्याची खोकी जातात, बरं चाललं होतं आमचं. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी यांच्या डोक्यात भरवलं की नोकरी करता करता व्यवसाय व्यवस्थापनातली डॉक्टरेट करता येते. म्हणजे काय, तर आपल्याच कामातला एखादा प्रश्न घ्यायचा, त्याच्या मुळाशी जायचं, आणि जाड प्रबंध लिहायचा. झालं! भिंतीला टेबल लागलं आणि हे त्या टेबलाला लागले. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारतात, 'डॉक्टर होणार म्हणे? कसले, हाडांचे?' मी म्हटलं, 'नाही आजी, खोक्यांचे.'

भिंगरी पोटात होती तेव्हा मी विचारलं, 'अहो, किती राहिलं?' म्हणाले, 'आत्ता तर सुरुवात आहे, पाच प्रकरणं.' ती रांगायला लागली, 'तीनच.' चालायला लागली, 'दोनच.' आणि ती बोलायला लागल्यापासून आजतागायत एकच उत्तर, तेही मान न वळवता: 'अगं, एकच प्रकरण राहिलंय!' दोन वर्षं झाली हो! ते प्रकरण आहे का मारुतीचं शेपूट?

आणि ती सायकल! तिसऱ्या वाढदिवसाला लाल सायकल आणली, मागे दोन बारकी चाकं, हँडलला घंटी. मी म्हटलं, मी शिकवते. तर म्हणाले, 'तू नको. तू घाबरट. ती पडायच्या आधी तू ओरडशील आणि तू ओरडलीस म्हणून ती पडेल.' खरंय ते, मी नाकारत नाही. मला तर ती सायकल नुसती उभी असली तरी पडेल असं वाटतं. 'प्रबंध जमा झाला की मी शिकवतो,' म्हणाले, 'शब्द देतो.' त्या शब्दावर सायकल पॅसेजमध्ये उभी राहिली. तिच्या हँडलवर आम्ही टॉवेल वाळत घालतो. परवा भिंगरी टॉवेल बाजूला करून तिच्यावर बसली, आणि बघते तर... गुडघे हँडलला लागायला लागले! सायकल तेवढीच, पोर वाढतेय. आणि प्रकरण? एकच राहिलंय!

बरं, यांचा विषय काय, ते तरी ऐका. 'कामगार गप्प का बसतात?' म्हणजे कामाच्या जागी काही चुकतंय हे खालच्या माणसाला दिसतं, पण तो वरच्याला सांगत नाही. का सांगत नाही? हा यांचा प्रश्न! पाच वर्षं यावर डोकं फोडतायत. मला विचारलं असतं तर चहा उकळेपर्यंत सांगितलं असतं. सांगून होतं काय?

तर यांना मुलाखती घ्यायच्या होत्या, गोदामातल्या अठरा लोकांच्या. यांच्या मार्गदर्शक बाई आहेत, फोनवर अशा शांत बोलतात, की आपलीच काहीतरी चूक झालीय असं वाटतं. त्या म्हणाल्या, 'आधी घरी कुणावर तरी सराव करा.' घरी कोण? भिंगरी आणि मी. भिंगरी दुपारची झोपली होती, म्हणून मी.

मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. मध्ये फोन ठेवला. आधी एक कागद पुढे केला, 'संमतिपत्र. सही कर.' मी म्हटलं, 'अहो, सराव आहे ना?' 'सराव असला तरी रीतसर.' केली सही. शाळा सुटली तेव्हा मला वाटलं होतं आपली परीक्षांतून सुटका झाली. मग खाकरून म्हणतात, 'आपलं नाव सांगू नका. आपण सहभागी क्रमांक एकोणीस.' आपण! मला! लग्नाला सात वर्षं झाली, पहिल्यांदा अहो-जाहो! मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

'तुमच्या कामाच्या ठिकाणी एखादी गोष्ट खटकली, तर तुम्ही ती कोणाला सांगता?'

मी म्हटलं, 'माझ्या कामाच्या ठिकाणी? म्हणजे... इथे?'

'हो. मोकळेपणानं बोला.'

आणि तुम्हाला सांगते, मला तोपर्यंत माहीत नव्हतं, पण यांच्या त्या शास्त्रात नियम असतो... मुलाखत घेणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही! नुसती मान हलवायची! समोरचा गप्प झाला तर म्हणायचं, 'आणखी सांगा.' अहो, अशी संधी कुठल्या बाईला मिळते? नवरा समोर, तोंड माझ्याकडे, आणि मध्ये बोलायची बंदी! मी सुरू झाले ती एक तास दहा मिनिटं. म्हटलं, इथे आठवड्याची सुट्टी नाही. इथे वरचा माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो. पोरीला ताप आला तर मी त्यांच्या पाठीला सांगते, पाठ म्हणते 'हं'. पोरीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी ओरडले, पाठ म्हणाली 'एक मिनिट', आणि पोर तेवढ्यात खालीही बसली. सायकल उभी आहे, म्हटलं. टॉवेल वाळवायची सायकल! हे मान हलवतायत, घाम पुसतायत, 'आणखी सांगा.' सांगितलं आणखी!

संपल्यावर फोन बंद केला, म्हणाले, 'सराव छान झाला,' आणि खुर्ची फिरवली. पाठ!

पुढे गोदामातल्या अठरा जणांच्या मुलाखती झाल्या. आता बघा, मुलाखत घेणारा कोण? मॅनेजर. विचारतो काय? 'मॅनेजरला सांगायला घाबरता का?' काय सांगणार तो बिचारा! अठराच्या अठरा जण म्हणाले, 'नाही साहेब, सगळं उत्तम आहे साहेब.' एकानं तर वर विचारलं, 'झालं का साहेब? गाडी भरायची राहिलीय.' दोन-दोन मिनिटांच्या मुलाखती. यांनी तश्शाच गोळा करून बाईंना पाठवल्या. आणि पाठवताना काय केलं या शहाण्या माणसानं? सरावाचीही त्यातच पाठवली! एकोणिसावी!

मला वाटलं सुटलो. पहिल्या तारखेला प्रबंध जमा, दुसऱ्या तारखेला सायकलीवरचा टॉवेल दोरीवर. मी चाकात हवासुद्धा भरून आणली!

आणि बाईंचा फोन आला. शांत आवाज. 'अठरा सहभागी काहीच बोललेले नाहीत. पण एकोणीस! एकोणीस म्हणजे तुमच्या प्रबंधाचा प्राण आहे. हा कुठला विभाग हो? सुट्टी नाही, वरिष्ठ पाठ करून बसतो...' हे गप्प. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या विषयात उतरले! शेवटी म्हणाले, 'मॅडम, ती माझी मिसेस.' मग बाई म्हणतात, 'उत्तम! मग यावर स्वतंत्र प्रकरण हवं. आणखी मुलाखती घ्या त्यांच्या. वर्षभराची मुदत वाढवून घेऊ.'

वर्षभर! म्हणजे मी एवढं रडगाणं गायलं कशासाठी? हे प्रकरण एकदाचं संपावं म्हणून! आणि माझ्या रडगाण्याचंच आणखी एक प्रकरण!

हे माझं बोलणं शब्दन् शब्द टाइप करत बसले. आठ वेळा ऐकलं म्हणे. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे, डोळे लाल, हातात कागद. 'तू सतरा वेळा सायकल म्हणालीस.' माझा हात कणकेत तसाच राहिला. म्हटलं, पोचलं! आता हा माणूस जाणार, टॉवेल काढणार... 'सतरा वेळा,' म्हणाले, 'फार मोठा मुद्दा आहे हा. याला वेगळा मथळा द्यावा लागेल.'

मथळा!

मी हात धुतले, ते संमतिपत्र काढलं, ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं: 'सहभागी कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता, माघार घेऊ शकतो.' म्हटलं, 'अहो, माघार म्हणजे?' त्यांचा चेहरा असा उतरला... 'माघार म्हणजे... मग प्रकरण जाईल. उरलेल्या अठरा जणांचं सगळं उत्तम आहे. प्रबंध नापास होईल.' पाच वर्षं हो! केस गेले त्या माणसाचे मागून, मला माहीत आहेत, मीच रोज बघते. कशी माघार घेऊ? लग्नातही असं कलम नसतं, कागदावर होतं, आणि तेही मला वापरवेना! मी म्हटलं, 'बोलेन. पण बसून नाही. शनिवारी, इमारतीमागच्या रस्त्यावर. तुम्ही सायकलची सीट धरून पळायचं, मी बाजूनं चालत बोलेन.'

'आणि रेकॉर्डिंग?'

'खिशात ठेवा.'

काय सांगू तुम्हाला तो शनिवार! सायकल पुढे, हे कमरेत वाकून मागे, खिशात फोन, आणि धापा टाकत विचारतायत, 'तुम्हाला... कामाच्या... ठिकाणी...' मी सांगतेय, 'अहो, खड्डा! अहो, गाडी! अहो, सीट सोडू नका!' आणि भिंगरी घंटी वाजवतेय! मध्येच तिनं मागे वळून बघितलं. बाबांचं तोंड! एवढ्या जवळून, एवढा वेळ! ती हसली आणि तिघंही कडेच्या कुंपणावर. गुडघे फुटले, तिचे नाही, यांचे.

सोमवारी बालवाडीतल्या बाईंनी परत बोलावलं. परत ती खुर्ची. नवीन चित्र. या वेळी बापाला तोंड होतं. हे एवढं उघडं, जीभ बाहेर. बाई हळूच म्हणतात, 'कुत्रा पाळलात का?' भिंगरी म्हणाली, 'नाही, बाबा!'

मी तिथेच पदरात तोंड खुपसलं. बाईंना वाटलं रडतेय. रडतच होते थोडी.

पण सुख टिकतंय कुठं! मार्गदर्शक बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं. 'फक्त धापा आणि घंटी ऐकू येतेय. पुन्हा घ्या. बंद खोलीत, बसून.' हे मला सांगायला आले, म्हणाले, 'बसून एकदा नीट बोललीस ना, तर महिन्याभरात जमा होईल. मग काय, निवांत बसता येईल.' बसता येईल म्हणाले हो! पळता येईल नाही म्हणाले. मी म्हटलं, 'नाही. अट म्हणजे अट.' पुढचा शनिवार, परत धापा. त्याच्या पुढचा, परत. बारकी चाकं निघाली, यांचं पोट उतरलं, नवी मोठी सायकल आली, आणि मुलाखत काही होईना. हे वैतागून म्हणतात, 'ही घंटी नेमकी माझ्या प्रश्नालाच कशी वाजते?' आता मी काय सांगू... दर शनिवारी निघताना भिंगरीच्या कानात कोण सांगतं, 'बाबांनी तोंड उघडलं की वाजव गं'!

खालच्या आजी परवा जिन्यात भेटल्या. 'काय गं, झाले का तुझे डॉक्टर?'

म्हटलं, 'नाही आजी. एकच प्रकरण राहिलंय...'

राहू दे.