बिनाक्लचची गाडी

रुचिका : नाही बाबा, मायलेजचंच म्हणाल तर दोन्ही गाड्या सारख्याच आहेत. सेडान थोडं जास्त देते. पण आपल्या शेताच्या पांदणीत सेडान घातली तर खालून घासणार.

देवाजी : घासू दे. मी पांदणीत कायले नेतो तिले?

रुखमिणी : जुनी त नेली होती मांगच्या महिन्यात.

देवाजी : ते आपल्या राईस मिलवरच्या डोमानं नेली होती.

रुखमिणी : आजकाल सारं डोमाच नेते.

रुचिका : मग एसयूव्ही घ्यायची का? आज शोरूममध्ये शेवटी पाहिली ती. उंच आहे, दणकट आहे.

देवाजी : सेडान राहो का एसयूव्ही राहो, मले फरक नाई. हायब्रिड पायजे, एवढं पक्कं.

रुखमिणी : हायब्रिड म्हणजे पेट्रोल अन् ब्याटरी, दोन्हीवर चालणारी न?

देवाजी : हो. हळू चालली का ब्याटरीवर, जोरात चालली का पेट्रोलवर. ब्रेक दाबला का ब्याटरी आपली आपणच भरते. घरी वायर लावाचं काम नाई. सिग्नलले थांबली का इंजिन बंद.

रुखमिणी : मोहाडीत सिग्नल कोठी आहे?

देवाजी : सिग्नल नसन, म्हशी त आहेत. तेवढंच थांबा लागते.

रुचिका : कंपनी लिटरला सत्तावीस सांगते. आमच्या ऑफिसातले हेमराज सर दोन वर्षांपासून चालवतात, ते म्हणतात बावीस-तेवीस धरून चाला. तेही काही कमी नाही. आपली जुनी बारा देते, तीही उतारावर.

रुखमिणी : मले एक सांगा. बारा वर्षं ते जुनी चालवली तुमी. एका दिवशी तरी विचारलं का, लिटरले किती देते म्हणून?

देवाजी : आता पेट्रोल महाग झालं.

रुखमिणी : सस्तं कवा होतं?

देवाजी : तू अशी उलटतपासणी नोको घेऊ. धानाच्या व्यापारात माणसाले हिशोबानं चालाव लागते.

रुचिका : उलटतपासणी मलाही घ्यायची आहे, बाबा. आज आपण दोन गाड्या पाहिल्या. तुम्ही एकही चालवली नाही. शोरूमवाला किल्ली घेऊन समोर उभा होता आणि तुम्ही म्हणालात, पोरगी चालवन. दोन्ही वेळा.

देवाजी : नागपूरची गर्दी. मले नाई जमत.

रुखमिणी : नागपूरच्याच कळमन्याच्या बाजारात धानाचा मेटाडोर कोण नेत होतं? तुमीच न?

देवाजी : तवा जवान होतो.

रुचिका : आणि त्याला विचारलं काय, तर सीट किती वर होते. पाच फुटाच्या माणसाचा पाय ब्रेकला नीट पोचतो का. तो तुमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहत होता. पाच फूट आठ इंच आहात तुम्ही.

रुखमिणी : पाच फुटाचं कोण आहे या घरात?

देवाजी : चहा ठेव न वं थोडा.

रुखमिणी : ठेवतो. पाच फुटाचं कोण आहे?

देवाजी : तूच आहेस.

रुखमिणी : मले गाडी कोठी येते?

देवाजी : येईन. हायब्रिडमध्ये क्लच नसते. गिअर टाकाचा नसते. दोन पेडल, एकाच पायाचं काम. दाबलं का चालली, सोडलं का हळू झाली. तुह्या लुनासारखीच समज.

रुखमिणी : मी एकसष्ट वर्षांची आहे. लुना विकून तीन वर्षं झाले.

देवाजी : म्हणूनच.

रुचिका : बाबा, काय झालं ते सांगा. सरळ सांगा.

देवाजी : डोळा.

रुखमिणी : कोणता?

देवाजी : डावा. उजवाही थोडासा. काचबिंदू म्हणते डॉक्टर. समोरचं सारं दिसते. बाजूचं गेलं.

रुखमिणी : कवा म्हणलं डॉक्टरनं?

देवाजी : दिवाळी झाली न, त्याच्या आठवड्यानं.

रुखमिणी : आता होळी आली.

देवाजी : हो.

रुखमिणी : थेंब देल्ले?

देवाजी : देल्ले. रोज टाकतो. बाटली मिलमध्ये ठेवली आहे, गल्ल्याच्या मांगं.

रुखमिणी : तीस वर्षं नर्स म्हणून गावोगावी फिरून मी लोकाइच्या लेकराइले डोस पाजले. कोणाचं तोंड पाहून सांगत होती मी, याले ताप आहे म्हणून. अन् माह्या घरचा माणूस मिलमध्ये लपून डोळ्यात थेंब टाकते, ते मले समजलं नाई.

देवाजी : तुह्या हातून काई चुकलं नाई. मीच समजू देल्लं नाई.

रुचिका : तुम्हाला कसं कळलं, बाबा? दुखत होतं का?

देवाजी : दुखत नाई. तेच त. वरठीच्या रस्त्यानं येऊन राहिलो होतो भंडाऱ्याहून. दुपारचं, लख्ख उजेड. एक बाई सायकलवर होती, डाव्या अंगानं. मले दिसलीच नाई. आरसा तिच्या पदराले लागला तवा समजलं.

रुखमिणी : पडली?

देवाजी : नाई. पाय टेकून उभी राह्यली. मी उतरलो. वाटलं, आता शिव्या देईन, द्यायलेच पायजे होत्या. पण मीच गाडीले टेकून उभा राह्यलो. त तिनंच आपल्या थैलीतून बाटली काढली, मले म्हणे, बसा भाऊ, पाणी प्या. मी तिचं पाणी पेलो. तिले मारता मारता राह्यलो, अन् तिचंच पाणी पेलो.

रुचिका : मग गाडी कोणी आणली?

देवाजी : डोमाले फोन केला. त्या दिवसापासून मी स्टेरिंगले हात नाई लावला. ते एक काम मी बरोबर केलं, एवढं माना.

रुखमिणी : मानलं. पण मले काहून नाई सांगितलं?

देवाजी : तू रिटायर झाली, तवा हार घालून घरी आली अन् या खुर्चीवर बसून म्हणली होती, आता मले कोणाची ड्यूटी नोको. मी म्हणलो, बिचारीले चार दिवस बसू द्यावं.

रुखमिणी : ड्यूटी अन् तुमी एकच आहात का?

रुचिका : बाबा, ड्रायव्हर ठेवता येईल. डोमाला घरच्या गाडीवर घ्या. आईला या वयात कशाला त्रास?

देवाजी : डोमा साजरी चालवते. पण डोमाले बोलवाव लागते बेटा. त्याले वेळ आहे का, त्याची मर्जी आहे का, सारं पाहाव लागते. तुही आई तीस वर्षं कोणाले विचारून कुठी गेली नाई. नाकाडोंगरीच्या जंगलातून लशीचा डबा मांडीवर घेऊन लुनावर फिरली. मीच म्हणलो तिले, आता कायले पाहिजे लुना, विकून टाक, मी आहे न गाडी घेऊन. तिनं माह्या भरोशावर विकली. अन् मी असा निघालो.

रुखमिणी : असे म्हणजे कसे? बसले आहात समोर.

देवाजी : तू हो म्हण, न म्हण. मले फक्त तुह्या पायाले पुरणारी गाडी शोधाची होती. अन् तू दूर दूर जाशीन त पेट्रोलले घाबरू नये, म्हणून मायलेज.

रुचिका : आई, बोल ना काही.

रुखमिणी : डॉक्टरचे कागद कोठी आहेत?

देवाजी : मिलमध्ये.

रुखमिणी : आज आणा. पुढची तारीख कवाची?

देवाजी : गुरुवारची. नागपूरले.

रुखमिणी : मी येतो संग. डॉक्टरले मले काई विचाराचं आहे. अन् रुचिका, तू म्हणत होतीस ते सेडान अन् ते एसयूव्ही, दोन्हीत मले बसून पाहाचं आहे. उजव्या बाजूले. तुह्या बाबाले काय समजते, पाच फुटाच्या माणसाले बोनट दिसते का नाई ते.

(अडीच महिन्यांनी. सकाळ. तुमसरच्या पुढे, नाकाडोंगरीकडच्या रस्त्यावर नवी गाडी. रुखमिणी चालवत आहे, देवाजी शेजारी.)

देवाजी : हळू.

रुखमिणी : चाळीसवर आहे. याहून हळू गेली त मांगचा बैलबंडीवाला हॉर्न वाजवन.

देवाजी : बंडीले हॉर्न नसते.

रुखमिणी : म्हणूनच म्हणतो. चूप बसा.

देवाजी : पुढं बकऱ्या आहेत.

रुखमिणी : दिसल्या. म्हणूनच त ही उंच गाडी घेतली न मी. सेडानमध्ये बसली त मले रस्त्यावरचं बारकं लेकरू दिसत नवतं. लिटरमागं एक-दोन कमी देते त देऊ दे.

देवाजी : कमी कुठी देते? चोवीस दाखवून राहिली. रुचिकाच्या हातातही एवढं नवतं देल्लं.

रुखमिणी : तिले घाई होती. मले नाई.

देवाजी : लायसन्सच्या परीक्षेत मांगं घेताना नापास झाली तवा मले वाटलं होतं, आता सोडते बाई.

रुखमिणी : मलेही वाटलं होतं. घरी आली त तुमी अंगणात दोन बादल्या ठेवल्या, त्याइच्या मंधून मांगं घे म्हणले. चार दिवस साऱ्या गल्लीनं पाह्यलं.

देवाजी : एक बादली फुटली.

रुखमिणी : जुनीच होती. नाकाडोंगरीच्या मंगलाबाईले फोन केला होता का तुमी? निघालो म्हणून?

देवाजी : केला. ती म्हणे, सिस्टर खुद चालवत येऊन राहिल्या का? मी म्हणलो, हो. त म्हणे, मंग मी नातीले घेऊन सडकेवर उभी राहतो. तुह्या हातानं जनमली ते नात, आता कॉलेजात जाते.

रुखमिणी : तीन वर्षं झाले मले इकडं येऊन. सारे पळस तोडले वाटते डाव्या बाजूचे.

देवाजी : मले माहीत नाई. इकडचं मले दिसत नाई.

रुखमिणी : आहेत, आहेत. पुढं आहेत. मीच नीट पाह्यलं नाई. आज डॉक्टरच्या तारखेले किती दिवस राह्यले?

देवाजी : नऊ. तो मांगच्या वेळी म्हणला न, जे गेलं ते गेलं, जे आहे ते टिकवू. थेंब चुकवू नोका.

रुखमिणी : चुकवू कोण देते.

देवाजी : तुले एक सांगू?

रुखमिणी : सांगा. हात नोका हलवू फक्त.

देवाजी : बारा वर्षं तू माह्या डाव्या हाताले बसली. मी रस्ता पाह्यला. तू बोलत राहे, मी हो हो करत राहो. तुह्याकडं मान वळवून पाह्यल्याचं मले आठवत नाई. आता तू उजव्या हाताले आहेस. या बाजूनं साजरं दिसते.

रुखमिणी : काय दिसते?

देवाजी : तूच. आणखी काय?

रुखमिणी : मंग पाहा. मले समोर पाहू द्या, वळण आलं.